मयताची वही

आमच्या वस्तीत एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची. घरटी महिन्याला तीस रुपये. घरात मयत झालं की तासाभरात पाच हजार हातात. लाकडं, पांढरं कापड, टेम्पो. कुणाच्या दारात हात पसरायचा नाही. सहा वर्षं ही वही मी लिहितो. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर रात्रपाळी, सकाळी जमली तर कविता, आणि दर दहा तारखेला वही.

मी दहावी नापास. वाचनालयात एकदा 'सामाजिक भांडवल' हा शब्द भेटला. अमेरिकेतल्या रॉबर्ट पटनमचं 'बोलिंग अलोन' हे पुस्तक २००० साली आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ओळख, भरवसा, अडीनडीची देवघेव हीसुद्धा पुंजीच. ती आटली की समाज आतून पोकळ होतो. वाचून छाती फुगली. म्हटलं, साला, सातबाऱ्यावर आमचं नाव नाही, पण ही पुंजी तर आहे! बापजाद्यांनी भाकरीतला तुकडा मोडून जमवलेली.

मग आजोबा आठवले. आजोबा मुंबईच्या गिरणीत होते. नायगावच्या बीडीडी चाळीत एका खोलीत गाववाले पाळीपाळीनं झोपायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. खोलीतले काहीजण गावी पेरणीला गेले. आजोबा कुठं जाणार? आजी सांगायची, "त्येंच्याकडं रान हुतं, आपल्याकडं नुसती पोरं." एकाच खोलीतली माणसं, एकच संप. पण पुंजी सारखी नव्हती.

त्याच्याही मागं जा. गिरणीत भरती जॉबर करायचा. तो आपल्या गावची, नात्यातली, जातीतली माणसं आणायचा. कुणाला आधार, कुणाला पाळणाघरापर्यंत ओळख. आणि जो त्या ओळखीत नाही, तो गेटाबाहेर. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला बंदी. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं टोक तोंडानं ओढावं लागे. आपल्या तोंडानं सूत बाटेल! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, की सगळी खाती आमच्या माणसांना खुली करण्याची मागणी घाला. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनं घातली. मालक म्हणाले, हा अन्याय आमचा नाही.

मित्रांनो, इथं थांबा जरा. मालक लबाडच. पण खात्याचं दार धरून मालक उभा नव्हता. आपलाच कामगार उभा होता. त्यांच्यात एकी होती, भरवसा होता, देवघेव होती. पुस्तकात म्हटलंय ते सगळं होतं. म्हणून तर दार इतकं घट्ट लागलं होतं.

हे मी किती वेळा भाषणात सांगितलंय. टाळ्या घेतल्यात.

मागच्या पावसाळ्यात वस्तीच्या कडेच्या मातंगाच्या घरातला कर्ता माणूस गेला. रात्रपाळी करून आलो, तर त्यांची म्हातारी दारात उभी. म्हणाली, "बाळा, आमचं नाव हाय का रं त्या वहीत?"

मी म्हणालो, "न्हाई मावशी. तुम्ही वर्गणी भरली न्हाई."

ती म्हणाली, "मागायलाच कोण आलं न्हाई."

ती रडली नाही. भांडली नाही. गेली. दुपारी कळलं, त्यांनी सावकाराकडनं पैसे काढले.

मी वही उघडली. एकूण अठ्ठावन्न घरं. पत्र्याच्या गल्लीपाशी यादी थांबते. पुढं पाच घरं आहेत. सहा वर्षं मी दर दहा तारखेला त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरत होतो. कुणी अडवलं नव्हतं. पायच वळायचे. अक्षर माझंच होतं.

विहारात बैठक लावली. एकजण म्हणाला, "त्यांचे देव येगळे." दुसरा म्हणाला, "फंड बुडंल." आत्या म्हणाली, "आपल्या पाण्यालाबी लोक असंच म्हणत हुते." मी म्हातारीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. रात्री साडेअकराला ठरलं.

पाच घरं आली. दोन घरांनी वर्गणी बंद केली. त्यांतलं एक माझ्या सख्ख्या चुलत्याचं. अजून बोलत नाही. म्हातारीनं पहिले तीस रुपये दिले, ते मोजून घेताना माझी मान वर होत नव्हती.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं, की बंधुतेवाचून समता आणि स्वातंत्र्य मुरणार नाहीत. आपण बंधुता म्हणजे 'आपली माणसं' समजून बसलो. आपली माणसं जॉबरलाही होती.

तुमच्या वस्तीतही वही असेल. भिशी असेल, मंडळ असेल, जयंतीची पावती असेल. आज काढा. कुठल्या गल्लीपाशी नावं थांबतात ते बघा. मग पावतीपुस्तक घेऊन त्या गल्लीत जा. पहिल्यांदा दार वाजवताना हात जड होतो. माझा झाला होता.

जयभीम.