माजोर्ड्याचे व्हायोलिनमास्तर

मडगावहून वास्कोकडे जाणारी गाडी सुरावली सोडते आणि पुढचे स्टेशन येते माजोर्डा. कोकण रेल्वेचा मार्ग इथे जुन्या वास्को मार्गाला मिळतो, म्हणून नावापुढे जंक्शन लागले आहे. एरवी गाव लहानच. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांची तोवर मडगावला उतरायची धांदल सुरू झालेली असते. बॅगा खाली काढता काढता माजोर्डा कधी मागे पडते ते त्यांना कळतही नाही.

गाव सासष्टीतले. पश्चिमेला समुद्र, अलीकडे भातशेती, माड आणि कौलारू घरे. किनाऱ्याला हॉटेले उभी राहिली, तरी आतल्या वाड्यांवर अजून सकाळ-संध्याकाळ पोदेराचा भोंपू ऐकू येतो. गोव्यात पाव भाजायला पहिल्यांदा माजोर्ड्याचे लोक शिकले, पीठ फुगवायला त्यांनी माडाची सूर वापरली, असे गावात सांगतात. पण या गावाने पावाखेरीज आणखी एक गोष्ट देशाला दिली, आणि ती आपल्या सगळ्यांच्या कानांवर रोज पडते.

‘अमर अकबर अँथनी’ सिनेमातले ते गाणे आठवा, प्रचंड अंड्यातून सुटाबुटातला अमिताभ बाहेर येतो ते. सिनेमा 1977 चा. त्या गाण्यात तो जे नाव सांगतो ते गमतीसाठी जुळवलेले नव्हते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचे नाव गाण्यात घातले होते. ते गुरू म्हणजे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. गाणे साऱ्या देशाने गुणगुणले, पण असा माणूस खरोखर आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते.

अँथनीमास्तरांचा जन्म 1927 चा. वडील गावच्या ‘माय द देवश’ चर्चमध्ये गायकवृंदाचे मेस्त्र. मेस्त्र म्हणजे गावचा संगीतमास्तर. सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांनी चर्चला जोडून पाठशाळा काढल्या. तिथे मुलांना अक्षरओळखीबरोबर सोल्फेजही शिकवत, म्हणजे दो-रे-मी वाचायला आणि हाताने ताल देत गायला. स्वरलिपी डोळ्यांनी वाचता येऊ लागली की मग हातात रेबेक येई. व्हायोलिनला गोव्यात रेबेकच म्हणतात. आपल्या बैठकीतला वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचे टोक पायावर टेकवतो. चर्चमधला पोरगा उभा राहून ते हनुवटीखाली धरतो. वाद्य एकच, पण शिकण्याची वाट निराळी: आपल्याकडे गुरूच्या तोंडून, तिथे कागदावरून.

मेस्त्राचे काम वर्षभर चाले. रविवारची मीस, गावचे फेस्त, खुरसापुढचे लदीन, कुणाचे लग्न, कुणाची अंत्ययात्रा. या कामात मानमरातब फारसा नव्हता, पैसा त्याहून कमी. पण शेतकऱ्याचे आणि पोदेराचे पोरही त्याच्या हाताखाली पाश्चात्त्य स्वरलिपी घडाघडा वाचायला शिके. मुंबईत पुढे कामाला आली ती हीच विद्या.

पोर्तुगीज राजवटीत गोव्यात नोकऱ्या कमी, म्हणून तरुण मुंबईची वाट धरत. धोबीतलाव भागात गावोगावच्या लोकांचे ‘कूड’ होते. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेले राहण्याचे ठिकाण. ट्रंक तिथे टाकायची आणि हॉटेलात, बोटीवर किंवा बँडमध्ये काम शोधायचे. बोलपट सुरू झाले, तसे या वादकांना तिसरे दार उघडले. संगीतकाराला चाल सुचे, तो ती पेटीवर गाऊन दाखवी. ती कागदावर उतरवायची, तिच्यामागे कोणती वाद्ये कुठे वाजतील ते लिहायचे, प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद तयार करायचा, हे काम बहुतेक गोयकारांच्या हाती आले. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबास्टियन डिसोझा होते. आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’साठी (1951) चिक चॉकलेट होते, म्हणजे हळदोण्याचे अँटोनियो वाझ. ध्वनिमुद्रण तेव्हा एका दमात होई. शेवटच्या ओळीत एका व्हायोलिनचा गज चुकला, तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे. अशा ठिकाणी समोर ठेवलेला कागद पहिल्याच नजरेत वाचणारा माणूस सोन्याच्या मोलाचा. पण तबकडीवर त्याचे नाव नसे.

अँथनी 1943 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले. वाजवता वाजवता ते अरेंजर झाले आणि शिकवूही लागले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. म्हणजे गावच्या मेस्त्राने मुलाला दिलेले धडे दोन पायऱ्यांवर थेट आपल्या रेडिओत पोचले.

मास्तरांना ध्यास मात्र दुसराच होता. आपला राग एका स्वररेषेवर चालतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात अनेक स्वर एकाच वेळी, एकमेकांवर रचलेले वाजतात. ते रचताना रागात नसलेला स्वर घुसला की राग बिघडतो. मग रागाला धक्का न लावता मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहायचे कसे? त्यांनी सारंगसारखे राग घेऊन तशा रचना केल्या. 1958 मध्ये ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. लताबाईंचे घराणे मंगेशीचे. देवळाच्या सभामंडपातून आलेला गोवा आणि चर्चच्या गायकवृंदातून आलेला गोवा, दोघे त्या दिवशी एका मंचावर होते. आपल्या घरांत दीनानाथ, केसरबाई, मोगूबाई ही नावे अभिमानाने घेतात, आणि घ्यावीतच. या दुसऱ्या गोव्याची नावे मात्र आपल्याला क्वचितच येतात.

1965 साली अमेरिकेतल्या सिराक्यूस विद्यापीठाच्या मदतीने मास्तर तिकडे गेले. परतल्यावर ते सिनेमाच्या धावपळीत पुन्हा शिरले नाहीत. माजोर्ड्याला येऊन शांतपणे राहिले आणि 18 जानेवारी 2012 रोजी गेले. देशभर वाजणारे नाव आणि गावातला अबोल म्हातारा, हे दोन्ही एकच, हे शेजारच्या गावातल्या माणसालाही सांगितल्याशिवाय कळले नसते.

आज पाठशाळांचे ते दिवस राहिले नाहीत. मुले लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांची तयारी करतात, पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकतात. शिक्षण नीटनेटके झाले, पण ते शहराकडे सरकले आणि त्याला फी लागली. पोदेराच्या मुलाने घराजवळ, चालत जाऊन व्हायोलिन शिकायचे दिवस संपत आले.

तेव्हा माजोर्ड्याला जाल तर नुसते किनाऱ्यावरून परतू नका. रविवारी सकाळी चर्चमध्ये मागच्या बाकाशेजारी शांत उभे राहा आणि गायकवृंद ऐका. तिथे कुणी व्हायोलिन वाजवत असेल, तर मीस संपल्यावर एवढेच विचारा, “कुणाकडे शिकलात?” मिळालेले नाव वहीत लिहून ठेवा. आपल्या स्वतःच्या गावातल्या पेटीमास्तरांचे, भजनीबुवांचेही लिहा, आणि अंकासाठी आमच्याकडे पाठवा. सगळ्यांच्याच शिष्यांना गुरूचे नाव सिनेमाच्या गाण्यात घालता येत नाही.