जांबोटीच्या वाटेवर 'सावकाश'

बेळगावहून चोर्ल्याकडे जाणारा रस्ता पिरनवाडी, किणये मागे टाकून कुसमळीला आला, की मलप्रभेवरचा पूल लागतो. पूल ओलांडला की गाडीच्या काचा खाली करायच्या, हा आमच्या घरचा नियम. हवा तिथेच बदलते. ओल्या मातीचा, शेणाचा आणि पावसाळ्यानंतर कुजत चाललेल्या पानांचा मिळून एक वास येतो, आणि जांबोटी जवळ आल्याचे डोळे मिटूनही कळते.

गोव्याला जाणारी बहुतेक मंडळी जांबोटीत चहा घेतात, गरम भजी खातात आणि घाटाच्या ओढीने पुढे निघतात. मीही कित्येक वर्षे तेच केले. वास्तविक माझी सख्खी आत्या या गावात दिलेली. पण 'येताना थांबू' असे म्हणायचे आणि येताना अंधार झाला म्हणून थांबायचे नाही! जांबोटीत उतरून पायी फिरायला मला शेवटी साखरेने भाग पाडले. उसाच्या नव्हे, रक्तातल्या.

२०१६ साल. माझे वय ४७. डॉक्टरांनी कागद बघून चष्मा काढला आणि म्हणाले, "चालायला लागा." एवढेच सांगितले होते हो त्यांनी. पण आपण मराठी माणसे. एखादी गोष्ट मनावर घेतली की तिच्या छातीवरच बसतो. मी वर्षभराची फी एकदम भरून जिममध्ये नाव घातले. नवीन बूट, नवीन टॉवेल. पहिल्याच दिवशी शेजारच्या पंचविशीतल्या पोराशी बरोबरी करत शंभर बैठका मारल्या. वडील तालमीत जायचे, तेव्हा रक्तात काहीतरी असणारच, हा भ्रम. तिसऱ्या आठवड्यात डावा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. सहा आठवडे घरी. बूट माळ्यावर गेले. आणि मनाने ठरवून टाकले, की व्यायाम हा आपला प्रांत नाही.

आता मागे वळून बघताना कळते, की दोष माझाच होता. शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो, म्हणून आपल्याला वाटते की जमले! स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो, आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे जे चिवट दोर असतात, त्यांना तर महिनोन् महिने. म्हणजे उत्साह पुढे धावतो आणि गुडघा मागे राहतो. तिसरा आठवडा म्हणूनच दगा देतो. हे मला कुणी आधी सांगितले असते, तरी मी ऐकले असते की नाही, देव जाणे.

पुढच्या वर्षी आमच्या अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, मुनवळ्ळीहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. वय ७१. मोरीत पाय घसरून पडल्या होत्या. हाड मोडले नव्हते, पण धीर मोडला होता. हॉलमधून स्वयंपाकघरात जातानासुद्धा भिंतीला हात लावून जायच्या. रंगावर त्यांच्या बोटांचा एक लांबलचक मळकट पट्टा उमटला होता. विचारले तर एकच उत्तर: "इन्न नन्न कैले आगूदिल्ल." आता माझ्याच्याने होणार नाही. हिच्या डोळ्यांत पाणी यायचे. कारण शेतावरून डोक्यावर भारा घेऊन येणारी आई तिने पाहिलेली.

फिजिओथेरपीच्या बाई घरी आल्या. त्यांनी काही यंत्र आणले नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाल्या, "हात न टेकता उठा आणि बसा. पाच वेळा. झाले आजचे." मी बाजूला बसून ऐकत होतो. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीपण करा की, तुमच्या गुडघ्याला तेच औषध."

अशी आमची सासू-जावयाची तालीम सुरू झाली! मी मराठीत मोजायचा, अव्वा कन्नडमध्ये. 'तीन' आणि 'नाल्कु' एकदम निघाले, की दोघांचाही हिशेब चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. पाचाचे सहा व्हायला दहा दिवस लागले. रोज सकाळी अव्वा खुर्चीत बसून विचारायच्या, "इवत्त एष्ट री?" आज किती? 'होणार नाही' हा शब्द कधी बंद झाला ते आमच्या लक्षातही आले नाही. प्रश्न मोठा होता, तो त्यांनी एका दिवसाएवढा करून टाकला होता.

म्हातारपणी कसली ताकद वाढते, असे अनेकांना वाटते. मलाही वाटायचे. पण १९९० साली अमेरिकेत बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटरोन या डॉक्टरबाईंनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना पायाने वजन उचलायला लावले. आठच आठवडे. जे शेवटपर्यंत टिकले, त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे घाम फुटेल एवढी हालचाल सांगितली, आणि त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. आपण नेमके चालण्यावर थांबतो. दहा हजार पावले झाली की कृतार्थ. तो दहा हजारांचा आकडा तरी कुठला? १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावात 'दहा हजार पावले' होते. आकडा लक्षात राहण्यासारखा, म्हणून जगभर गेला. असो.

तीन महिन्यांनी अव्वांना बाहेर काढायचे ठरले. पण शहरात चालायचे कुठे? फूटपाथवर दुचाक्या, आणि फूटपाथ नाही तिथे गटार. तेव्हा आत्या आठवली. रविवारी सकाळी गाडी काढली आणि जांबोटी गाठली.

आत्याला कन्नड दहा शब्द येते आणि अव्वांना मराठी तेवढेच. कौलारू घराच्या पडवीत दोघी समोरासमोर बसल्या. आत्या म्हणाली, "सावकाश चढा हं पायरी." अव्वा एकदम हसल्या. कारण त्यांच्या मुनवळ्ळीकडेही तेच म्हणतात, सावकाश! आपल्या सीमाभागात असे किती शब्द आहेत, ज्यांना नेमके कुणाचे म्हणावे, तेच कळत नाही. त्या दिवसापासून 'सावकाश' हेच आमच्या व्यायामाचे नाव पडले.

आत्याच्या घरामागून एक लाल मातीची वाट शिवाराकडे जाते. रताळ्याचे वेल, भाताची खाचरे, मग बांबूची बेटे आणि पुढे झाडी. आम्ही किलोमीटर मोजले नाहीत, झाडे मोजली. पहिल्या रविवारी पहिला आंबा. तिथे एक जुनी मोरी आहे, तिच्या कठड्यावर बसायचे आणि परतायचे. पुढचे दोन रविवार तेच. मग जांभूळ. मग मोहरीसारखी बारीक फुले येणारे एक झाड, ज्याचे नाव आत्यालाही ठाऊक नाही. नियम आत्याने घातला: "दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना गुडघा बोलला नाही, तर पुढचं झाड. बोलला, तर एक झाड मागं." आत्या शाळेत चौथीपर्यंतच गेली. पण एवढा शहाणा कार्यक्रम मला जिमच्या भिंतीवर कुठे दिसला नव्हता.

वेगाचे प्रमाण अव्वांच्या गोष्टीवरून ठरायचे. त्या चालताना यल्लम्माच्या जत्रेची नाहीतर बैलांची गोष्ट सांगायच्या. वाक्य मध्येच तुटले, की थांबायचे. डॉक्टर मंडळीही हेच सांगतात: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवावा. उतारावर मात्र मी गडबड करायचा. चढाला दम लागतो म्हणून आपण भितो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. पावले आखूड टाकायची, हाच उपाय.

वाटेत गवळ्यांच्या म्हशी आडव्या यायच्या. खानापूरच्या या पश्चिम भागात धनगर-गवळी पिढ्यान् पिढ्या म्हशी राखून आहेत. त्यांना बघून मला ग्रीसच्या मायलो पैलवानाची दंतकथा आठवते. तो म्हणे रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा. वासरू रोज थोडे वाढे आणि मायलोही. शेवटी खांद्यावर पूर्ण वाढलेला बैल! मी ही कथा एका गवळ्याला सांगितली. तो म्हणाला, "खरं, बैल गप बसला कसा?" याला उत्तर नाही.

मलप्रभा इथून जवळूनच वाहते. हब्बनहट्टीला नदीच्या पात्रातच स्वयंभू मारुती आहे. पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली जाते आणि पाणी ओसरले की पुन्हा वर येते. ताकदीचा देव आणि दरवर्षी बुडतो! पहिल्याच पावसाळ्यात आमचेही तसेच झाले. जांबोटीचा पाऊस म्हणजे काय, ते बेळगावकरांना सांगायला नको. रविवार बंद पडले, वर घरात तापाची साथ. अव्वा दोन आठवडे अंथरुणावर. बऱ्या झाल्यावर खुर्चीसमोर बसलो, तर पंधरावरून गाडी सातावर. मी हिरमुसलो. अव्वा म्हणाल्या, सात तर आहेत की, पाचापासून सुरुवात केली होती.

मनाच्या उभारीवर हल्ली फार बोलले जाते, आणि त्यातले बरेच मला पोकळ वाटते. पण एक अभ्यास वाचून मी थबकलो. २००२ साली बेका लेव्ही यांनी अमेरिकेतल्या ओहायोतल्या एका गावच्या पन्नाशीपुढच्या ६६० लोकांची माहिती तपासली. वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने बघणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे जास्त जगले होते. नुसत्या विचाराने आयुष्य वाढते, असे मी म्हणणार नाही. मला वाटते, ज्याला उद्याचे झाड दिसते तो आज खुर्चीतून उठतो, आणि खरे काम ते उठणे करते.

आपल्या बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव हिने २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवले. वर्तमानपत्रातला तिचा फोटो मी अव्वांना दाखवला. पदकापेक्षा नावानेच त्या हरखल्या. "नम्म होळी हेसरु!" आपल्या नदीचे नाव. आणि मग हळूच म्हणाल्या, ही नदी निघते कुठून, ते एकदा बघायचे आहे. मुनवळ्ळीत जन्मभर तिचे पाणी प्यायलेली बाई, काठावर कपडे धुतलेली, आणि उगम कधी बघितला नव्हता.

उगम कणकुंबीला, जांबोटीपासून पुढे घाटाच्या बाजूला. समुद्रसपाटीपासून साधारण ७९२ मीटर उंचीवर. त्या नोव्हेंबरात आम्ही गेलो. गाडी मुद्दाम लांब लावली. अव्वा माउलीच्या देवळापर्यंत चालत आल्या, काठी घेऊन, पण कुणाचा हात न धरता. उगमाशी बसून त्यांनी पाण्यात बोटे बुडवली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. याच डोंगरातून म्हादई पश्चिमेला गोव्याकडे जाते आणि ही पूर्वेला, कुडलसंगमला कृष्णेला मिळायला. मी भूगोल सांगायला तोंड उघडले होते. हिने डोळ्यांनी गप्प केले.

त्याला आता बरीच वर्षे झाली. माझी साखर गोळ्यांसह आटोक्यात आहे. गुडघा अधूनमधून बोलतो, तेव्हा मी एक झाड मागे येतो. आत्या आता नाही. पडवी आहे, आणि तिच्या सुनेचा चहा. अव्वा ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत. बिननावाच्या झाडापर्यंत त्या आता येत नाहीत, जांभळापर्यंतही क्वचितच. भिंतीवरचा तो पट्टा मात्र रंगकामात गेला तो पुन्हा उमटला नाही.

मागच्या रविवारी पहिल्या आंब्याशीच त्या मोरीच्या कठड्यावर टेकल्या. "साकु," म्हणाल्या, पुरे. मीही बसायला लागलो, तर काठीने पुढची वाट दाखवली. मी जांभळापर्यंत जाऊन परतलो. लांबूनच दिसले, कठड्यावर हात न टेकता त्या उठत होत्या, बसत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा ओठ हलत होते. "एष्ट री?" मी विचारले. त्यांनी हाताने मला थांबवले. मोजणे चुकले असते.