आईचा खडा

आमच्या उर्दू शाळेत अकीकची अंगठी घालून येणारी मुलं आहेत. त्यांना आम्ही स्कॉटलंडच्या ‘ली पेनी’ची गोष्ट सांगतो. चांदीच्या नाण्यात जडवलेला तांबडा खडा. तो बुडवलेलं पाणी आजारी गुरांना, माणसांना पाजत. केल्टिक मुलखातली ही जुनी समजूत. चर्चने चौकशी केली, पण मंत्र म्हणत नाहीत म्हणून मोकळीक दिली. (आमचे मौलवीसाहेब इतक्यावर सोडणार नाहीत!)

आख्यायिका अशी की १३३० च्या स्पेनमधल्या मोहिमेत सायमन लॉकहार्टने एका मुसलमान अमिराला कैद केलं. त्याची आई खंडणी मोजत असता थैलीतून खडा पडला. तिने तो घाईने उचलला, म्हणून सायमनने नेमका तोच मागितला. मुलं खड्याच्या करामती विचारतात. आम्हाला ती घाई आठवते. पुढे तिच्या घरी कुणी तापाने फणफणलं, तेव्हा तिने काय केलं असेल?