अतिदुर्मीळ!!!

‘अतिदुर्मीळ!!! शेवटचा नग!!! फक्त जाणकारांसाठी!!!’ खाली फोटो गेंड्याचं चित्र असलेल्या पंचवीस पैशांच्या नाण्याचा. बोलीची सुरुवात दीड लाखापासून. आजवरच्या बोल्या शून्य.

गेंडेवालं हे नाणं 1988 ते 2002 या काळातलं. 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे चलनातून बाद झाले, तेव्हा ती घरोघरच्या डब्यांत आणि देव्हाऱ्यांत तशीच पडून राहिली. तुमच्याही घरात एखादं निघेल.

मला नाण्यांचा नाद कॉलेजपासून. लिलावाच्या साइट्स वाचून वाचून विक्रेत्यांची बोली अंगवळणी पडलीय. ‘आजोबांच्या पेटीत सापडलं’ म्हणजे कुठून आणलं ते विचारू नका. ‘तपासलेलं नाही’ म्हणजे तपासलंय, काही निघालं नाही. ‘आरशासारखं चकचकीत’ म्हणजे चिंचेने घासलंय, आणि घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.

यामागे थोडं तांत्रिक कारणही आहे. ईबेवर शीर्षकाला 80 अक्षरांचीच मर्यादा. ‘साधं’ असा शब्द टाकून कुणी नाणं शोधत नाही, म्हणून सगळेच ‘दुर्मीळ’ लिहितात. पण सर्चच्या एका जुन्या गणितात, जो शब्द प्रत्येक पानावर असतो त्याचं वजन शून्य धरतात. मुरलेल्या संग्राहकाचा मेंदूही तेच करतो. तो शब्द गाळतो, फोटो मोठा करून टांकसाळीची खूण बघतो. चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद.

ज्याला हे माहीत नसतं, त्याच्यासाठी मात्र त्या शब्दाचं वजन पूर्ण असतं.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे, 2012 सालचं. त्यांनी कुठेतरी तसंच नाणं दहा लाखांना लावलेलं पाहिलं आणि खालच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा म्हणाला, आम्ही घेतो, आधी नोंदणीचे एकवीसशे भरा. मावशी मला ते पैसे ऑनलाइन भरून द्यायला सांगत होत्या. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच लोकांना सावध केलं होतं. मावशींपर्यंत ते पोचलं नव्हतं, दहा लाखांचा आकडा पोचला होता.

मी त्यांना ‘विकले गेलेले’ हा फिल्टर लावून दाखवला. मागितलेली किंमत कितीही असू शकते, भाव ठरतो तो कुणीतरी खरोखर मोजलेल्या पैशांवर. लाखांचे आकडे गायब झाले. उरलेल्या किमती पाहून मावशी बराच वेळ गप्प होत्या.

“पण दादा, एवढं लिहिलंय म्हणजे काहीतरी असेलच ना?”

शून्य वजनाचं गणित मला पाठ होतं. मुलीच्या फीचा हिशोब मनात मांडून बसलेल्या बाईला ते कसं सांगणार? एवढंच म्हणालो, “मावशी, पैसे भरू नका. नाणं अजून चालतं. पाच रुपयांना.”