महाडच्या वाटेवर दोन बॅटऱ्या

२० मार्चला महाडला जायचे, हा आमच्या वस्तीचा नेम. बाया-माणसे, पोरेबाळे एस.टी.ने पुढे जातात. भोजनदानाचे सामान, म्हणजे पातेली, शेगड्या, तांदूळ, डाळ, मागाहून आमच्याच एका बांधवाच्या डिझेल ट्रकमधून जाते. २०२३ साली सामानाबरोबर आम्ही चौघे होतो.

१९ तारखेच्या संध्याकाळी चेंबूर सोडले. पनवेल, कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड असा हा रस्ता. रुंदीकरणाचे काम वर्षानुवर्षे चाललेले, त्यामुळे धूळ खात आणि वळसे घेत माणगावला पोहोचायला रात्र झाली. भाकरी सोडली. महाड आता पंचवीसेक किलोमीटर. इंजिन बंद होते, पण गाडीवरची निळ्या दिव्यांची माळ आणि लाउडस्पीकर चालू होता. भीमगीते ऐकता ऐकता दोन तास कसे गेले ते कळले नाही. गाडीमालक दादांनी सेल्फ मारला, तर नुसते ‘टक्’! पुन्हा मारला, पुन्हा ‘टक्’. भरलेली गाडी ढकलून पाहिली, ती हलेना. सकाळी नऊला भोजनदान सुरू व्हायचे होते आणि तांदूळ आमच्याजवळ अडकलेला.

निळा झेंडा पाहून एक जीपवाले भाऊ थांबले. “केबल लावू या,” म्हणाले. पण जीप १२ व्होल्टची आणि आमचा ट्रक २४ व्होल्टचा. उपयोग नव्हता. शेवटी पहाटे त्यांनीच ओळखीच्या बॅटरीवाल्या चाचांना उठवून आणले.

चाचांनी बॅटऱ्यांचे झाकण उघडले आणि आम्हाला जवळ बोलावले. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा जोराने दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटते. ते इंजिन फिरवायला सेल्फला फार करंट लागतो, म्हणून मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडून २४ व्होल्ट करतात. चाचांनी मीटर लावला. एक बॅटरी १२.५ दाखवी, दुसरी ११च्याही खाली. तिचा एक सेल बसला होता.

“गाण्याची वायर कुठून घेतलीत?” चाचांनी विचारले. दादांनी मान खाली घातली. लाउडस्पीकर आणि माळ १२ व्होल्टची, म्हणून दोन्हींची वायर एकाच बॅटरीवरून घेतलेली. रोजचा भार एकीवर, दुसरी आरामात. चाचा म्हणाले, “घरातसुद्धा एकाच माणसावर सगळा बोजा टाकला, की एक दिवस सगळे घर बसते.” आम्हाला आमच्या आया-बहिणी आठवल्या. दिवसभर कामावर राबून रात्री चूल पेटवणाऱ्या.

पैसे मोजके, म्हणून आम्ही म्हटले, “चाचा, बसलेली तेवढीच बदला.” ते तयार होईनात. चार वर्षांची जुनी आणि कोरी नवी एका रांगेत लावली, तर चार्जिंग दोघींना सारखे पोचत नाही. एक उपाशी राहते, दुसरी उतू जाते, आणि नवीही लवकर मरते. म्हणून दोन्ही एकदम बदलायच्या, एकाच कंपनीच्या, सारख्या अँपिअरच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या. चौघांनी खिसे उलटे केले. कमी पडले ते जीपवाल्या भाऊंनी उसने दिले.

काढताना चाचांनी आधी अर्थिंगची, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवली. जोडताना तीच शेवटी लावली, म्हणजे पाना चुकून चासीला लागला तरी ठिणगी उडत नाही. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालून धुतली, पुसून व्हॅसलिन लावले. बिडी ओढणाऱ्याला दूर पिटाळले, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो. लाउडस्पीकरसाठी दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून चालणारा २४चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवायला सांगितला.

आमच्यातला एक पोरगा नळाची बाटली घेऊन आला, “पाणी घालू का?” चाचा ओरडले. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर! नळाच्या, विहिरीच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. जुन्या दोन्ही बॅटऱ्या चाचांनी परत घेतल्या. वाचकहो, जुनी बॅटरी शिसे काढायला घराजवळ कधीही फोडू नका. शिसे लेकरांच्या मेंदूला विष असते. विक्रेत्याने ती परत घ्यावी असा नियम २००१ मध्ये आला, २०२२ मध्ये नवे नियम आले.

सेल्फ मारला आणि पहिल्या झटक्यात इंजिन गरजले. महाडला पोहोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. आक्का आणि महिला मंडळाच्या साऱ्याजणी चुली मांडून वाटच बघत होत्या.

भोजनदान मार्गी लावून चवदार तळ्यावर गेलो. १९२३ साली सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले. पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांसह इथे ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा तो हक्क जिवंत झाला. त्यानंतर विरोधकांनी तळे ‘शुद्ध’ केले आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

पाण्याकडे पाहताना पोरगा म्हणाला, “बॅटरीला अमुकच पाणी लागते, त्याला शास्त्र आहे. माणसाला अमुक पाणी नको, त्यामागे शास्त्र नव्हते, नुसती शास्त्रे होती.” आम्ही त्याची पाठ थोपटली.

भगवान बुद्धांनी अप्रमाद, म्हणजे सावधपणा शिकवला. तो विहारात जितका हवा तितकाच गाडीच्या झाकणाखालीही हवा. आता दर महिन्याला दोन्ही बॅटऱ्यांचे पाणी, टर्मिनल आणि व्होल्ट पाहून आमची पोरे वहीत नोंद करतात. जीपवाल्या भाऊंचे पैसे पहिल्याच पगाराला फेडले. जयभीम.