रजिस्टरातली रेघ

मी सापडलेलं पोर आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली.

१९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. त्याच सालाच्या शेवटाला आय आणि दादांनी मला सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनाथालयातून त्याच चाळीत आणलं. दादा गिरणीत, साचेखात्यात. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली माझी झोळी.

बारा वर्षांचा असताना नळावर भांडण झालं. एक बाई ओरडली, ''कुणाचं टाकलेलं पोर उचलून आणलंय, रंग तर बघा त्याचा!'' आयनं भरलेली कळशी तिथंच ओतली न मला हाताला धरून घरी आणलं. रात्री दादांनी सगळं सांगितलं. म्हणाले, ''जोतिबांनी १८७४ साली काशीबाई नावाच्या बामण विधवेचं पोर दत्तक घेतलं. यशवंत. डॉक्टर केला त्याला. तुझं सालबी चौऱ्याहत्तरच.'' मला तेव्हा यशवंताशी काय देणंघेणं? मी आरशात बघत बसलो. मग चारपाच वर्षं बघतच होतो.

१९९० ला दहावी झालो. त्याच साली बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या. दादांनी चाळीत पेढे वाटले. संपात गिरणी गेली होती, हमालीच्या पैशाचे पेढे. मी दाखल्याच्या कचेरीत गेलो. कारकुनानं दत्तकाचा कोर्टाचा कागद उलटापालटा केला न म्हणाला, ''हे आईबाप बौद्ध, ते ठीक. तुझी मूळ जात कोणती? ती आणल्याशिवाय दाखला नाही.''

इथं खरं लिहितो, नाहीतर लिहूच नये. बाहेर आलो तेव्हा मला आत कुठंतरी बरं वाटत होतं. मी कदाचित महार नसेन. मेढेकोट करून शाळेत वेगळं बसवलेल्या, विहिरीवरून हाकललेल्या माणसांनी मला वाढवलं होतं, आणि मी फुटपाथवर उभा राहून सुटल्यासारखा श्वास घेत होतो.

आय म्हणाली, ''चल, मीबी येते.'' रात्रीच्या गाडीनं गेलो. अनाथालयातल्या म्हाताऱ्या बाईंनी कपाटातून जाड रजिस्टर काढलं. माझी नोंद दोन ओळींची. यस्टी स्टँडवर सापडला. वय अंदाजे आठ दिवस. सोबत लुगड्याचा ओला तुकडा. आईबाप अज्ञात. जातीच्या रकान्यात शाईची आडवी रेघ.

मी विचारलं, ''जात खरंच कुठं लिहिली नाही?''

त्याच वेळी आयनं विचारलं, ''आठ दिसांची बाळंतीण. वर पाऊस. पुढं जगली का वो ती बाई?''

दोन्ही प्रश्नांना त्या बाईंकडं उत्तर नव्हतं. पण ती मला जन्म देणारी, आणि तिच्याबद्दल विचारलं आयनं. मी नाही. येताना गाडीभर मी खिडकीकडं तोंड करून बसलो. आयनं दशम्या सोडल्या, मला हात लावावासा वाटेना.

दाखला मिळाला नाही. खुल्या वर्गातून फी भरली, दादांनी कर्ज काढलं. पुढं पुण्यात खोली बघायला गेलो तर मालकानं आडनाव ऐकलं न खोली आधीच दिलीय म्हणाला. त्यानं मूळ जातीचा कागद मागितला नाही.

आता महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आहे. दत्तक गेलेल्यांना आपलं मूळ शोधायचा अर्जही करता येतो. अठरा पुरी असतील तर स्वतः, कमी असतील तर दत्तक आईबापांसोबत. जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती लागते. हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण गल्लीतली एक पोरगी. सतरा वर्षांची. अर्ज माझ्याकडं घेऊन आली. तिची आई सही करीना. म्हणे, ''माझं काय कमी पडलं?''

काल मी त्यांच्या घरी गेलो. कायदा सांगितला नाही. आयचं सांगितलं, ओल्या तुकड्याचं सांगितलं. ती बाई बराच वेळ चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पाठ करून उभी राहिली. मग हात पुसून आली न पोरीला म्हणाली, ''वाच बघू काय काय लिहिलंय त्यात. आणि तिची तब्येत कशी हाय, हे विचारायला जागा हाय का त्यात?''

पोरीनं कागद उलटून मागची बाजू बघितली.