भयाचा उत्तरार्ध

उत्तरार्ध या वस्तूविषयी माझे मन प्रथमपासूनच थोडे साशंक आहे. बाणभट्ट 'कादंबरी' अपुरी टाकून गेला आणि ती त्याच्या मुलाने पुरी केली. मुलाची पितृभक्ती वंदनीय खरी, पण वाचक रमतो तो बापाच्याच भागात. मिल्टनने 1667 साली 'पॅरडाइज लॉस्ट' प्रसिद्ध केले आणि 1671 मध्ये 'पॅरडाइज रिगेन्ड'. गेली तीस वर्षे मी इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहे. हरवलेल्या स्वर्गाची पोथी मागणारे विद्यार्थी मला अधूनमधून भेटले. परत मिळालेल्या स्वर्गाची चौकशी अद्याप कोणी केलेली नाही. तेव्हा 2004 साली निघालेल्या 'रेसिडेंट ईव्हिल : अपोकॅलिप्स' या चित्रपटाने माझी निराशा केली असे मी म्हटले, तर चतुर वाचक विचारील, "अहो, पण तुम्ही आशा तरी कशाला केली होती?"

आशेला कारण होते. हा चित्रपट ज्या व्हिडिओ गेमवरून घेतला आहे, तो आमच्या घरात खेळला गेलेला आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो 1996 साली काढला. जपानात त्याचे नाव 'बायोहॅझर्ड'. परदेशांत तो 'रेसिडेंट ईव्हिल' झाला. माझा मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना त्याच्या आतेभावाने आपले जुने यंत्र त्याला देऊन टाकले, त्याबरोबर हा खेळही आला. रात्री जेवणे झाली की तो जमिनीवर बसून खेळे आणि मी मागे खाटेवर उत्तरपत्रिका तपाशी. डोंगरातला एक प्रचंड वाडा, त्यात चालती प्रेते, आणि आपल्याजवळ मोजक्या गोळ्या. खेळ कोठवर आला याची नोंद ठेवावयाची तर वाड्यातला टंकलेखनाचा यंत्र शोधावा लागे, आणि त्यासाठी शाईची फीत जवळ असावी लागे. त्या फितीही मोजक्याच. पण खरी गंमत होती ती दारांची. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना सारा पडदा काळा होई, त्यावर फक्त एक दार दिसे, आणि ते करकरत सावकाश उघडे. पुढली खोली तयार करावयास यंत्राला वेळ लागत असे म्हणून ही योजना होती, हे मला मागाहून समजले. यंत्राच्या अशक्तपणातून इतके निखळ भय निपजावे, याचे मला आजही कौतुक वाटते. मुलगा दाराशी येऊन थांबे आणि मान न वळविता विचारी, "बाबा, उघडू?" मी म्हणे, "उघड." कधी तो म्हणे, "आज नको. उद्या उघडू." आणि यंत्र बंद करून माझ्या खाटेवर येऊन झोपे.

या चालत्या प्रेतांचे कुळही पाहण्याजोगे आहे. (आनंद यादवांच्या 'झोंबी'शी या इंग्रजी झोंबीचा काही संबंध नाही, हे वर्गात मला एकदा सांगावे लागले होते.) ते मूळचे हैतीचे. उसाच्या मळ्यांत गुलामीत मेलेल्या माणसांच्या त्या भूमीत, मेल्यावरही कोणी आपल्याला उठवून कामाला जुंपील, ही भीती होती. झोंबी भेटेल याहून झोंबी होऊ, हे भय मोठे. सीब्रुक या अमेरिकन लेखकाने 1929 साली आपल्या प्रवासग्रंथात त्यांची हकीकत लिहिली. 1932 च्या 'व्हाइट झोंबी' या बोलपटात ते साखरेच्या गिरणीत मुकाट्याने राबताना दिसतात. पुढे 1968 साली जॉर्ज रोमेरो याने त्यांना गुलामीतून सोडविले आणि नरमांसाची भूक दिली. आपल्याकडच्या मुंजाला निदान एक पिंपळ असतो, एक राहिलेली इच्छा असते. त्याची समजूत घालता येते. झोंबीची समजूत घालता येत नाही. तो रागावत नाही, ओळखत नाही, नुसता येतो. या रोमेरोकडूनच 'रेसिडेंट ईव्हिल'ची पटकथा प्रथम लिहवून घेतली होती. ती नाकारण्यात आली आणि काम पॉल अँडरसनकडे गेले.

अँडरसनचा 2002 चा पहिला भाग काही अभिजात कृती नव्हे. पण त्यात जमिनीखालची प्रयोगशाळा होती, बंद दारे होती, आणि शेवटी ॲलिस नावाची नायिका इस्पितळातून बाहेर येऊन उजाड शहरात एकटीच उभी राहते, तो क्षण तर फार चांगला होता. त्या क्षणानेच दुसऱ्या भागाचे वचन दिले.

ते वचन कसे पाळले गेले? दुसऱ्या भागात अँडरसनने लेखन केले आणि दिग्दर्शन अलेक्झांडर विट यांच्यावर सोपविले. त्यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. त्याआधी ते छायालेखक होते. एका चर्चमध्ये काही माणसे अडकली आहेत, अंधारात काहीतरी सरपटत आहे, आणि आता आपल्याला भय वाटू लागणार, तोच ॲलिस खिडकीची रंगीत काच फोडून मोटारसायकलसह आत येते! दाराशी थांबणाऱ्या त्या मुलाची मला आठवण झाली. इथे दार उघडण्याचा प्रश्नच उरला नव्हता. त्या विषाणूने तिला अमानुष बळ दिले आहे. ती उंच इमारतीच्या भिंतीवरून धावत खाली उतरते. जिचे काही वाकडे होणे शक्य नाही, तिच्यासाठी मी जीव मुठीत का धरावा? पुढे स्मशानात जमीन फोडून प्रेते बाहेर येतात. विषाणू चाव्यातून पसरतो हे ज्या चित्रपटाने आपल्याला समजावून सांगितले, त्यानेच पुरलेल्यांना कोण चावले हे सांगावयास नको काय? 1999 च्या खेळात पाठ न सोडणारा नेमेसिस नावाचा राक्षस येथे अखेरीस नायिकेशी कुस्ती खेळतो. प्रेते तर मधल्या वेळात गोळ्या खावयासच ठेवली आहेत. असे असूनही या भागाने पहिल्यापेक्षा अधिक गल्ला जमविला आणि 2016 पर्यंत मालिका सहा चित्रपटांची झाली, हेही नमूद केले पाहिजे.

एक पात्र मात्र मला सोडीत नाही. डॉक्टर ॲशफर्ड. चाकांच्या खुर्चीत बसलेला हा शास्त्रज्ञ शहराबाहेर सुरक्षित आहे आणि त्याची लहान मुलगी आत राहिली आहे. रस्त्यारस्त्यांवरील कॅमेऱ्यांतून तो शहर न्याहाळतो आणि ओस रस्त्यावरच्या सार्वजनिक टेलिफोनची घंटा वाजवून, जो कोणी तो उचलील त्याला विनवितो, "माझी मुलगी तेवढी आणा." मेलेल्या शहरात वाजणारा तो टेलिफोन ही या चित्रपटातली एकमेव भयप्रद वस्तू आहे. चित्रकारांना तिची किंमत कळली नाही. त्यांना ॲशफर्ड हवा होता तो नायिकेला पत्ता सांगण्यापुरता. काम होताच एका दुष्ट अधिकाऱ्याच्या हातून तो गोळी खाऊन पडतो आणि कथा हेलिकॉप्टरमागे धावू लागते.

माझ्या या पक्षपाताचे कारण सांगून टाकतो. चित्रपटातले रॅकून सिटी म्हणजे टोरांटो. ज्या पुलावर पळणाऱ्या लोकांना अडवून फाटक बंद करतात, तो तिथला प्रिन्स एडवर्ड पूल. ती उंच इमारत म्हणजे 1965 साली उघडलेले, दोन वाकड्या मनोऱ्यांचे नगरभवन. रोमेरोही उत्तरायुष्यात याच शहरी राहिला आणि 2017 साली तेथेच वारला. आणि दोन वर्षे झाली, माझा मुलगा त्या शहरात नोकरीला आहे. "बाबा, माझा पूल बघा त्यात," असे त्यानेच सांगितले, म्हणून मी हा चित्रपट पाहावयास बसलो. रविवारी सकाळी मी फोन लावतो, तेव्हा त्याच्याकडे शनिवारची रात्र असते. तो फोन खिडकीशी नेऊन मला रस्ता दाखवितो. रस्त्यावर बहुधा कोणी नसते. घंटा चारपाच वेळा वाजूनही त्याने फोन उचलला नाही, तर मी उगाच चष्मा पुसत बसतो.

पुढल्या रविवारी मी त्याला माझे सारे आक्षेप ऐकविले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही तो परीक्षेच्या पेपरासारखा तपासला." मग हसून पुढे, "पण पूल दिसला ना?"

पूल दिसला होता. फाटक बंद होते तो प्रसंग मी दोनदा पाहिला, हे मी त्याला सांगितले नाही. 2007 चा तिसरा भाग वाळवंटात घडतो म्हणे. तो पाहण्याचा माझा विचार नाही.